ब्रिस्टलची मोजपट्टी

सूचना आधीच देऊन ठेवतो: आजचा लेख जेवताना वाचू नका. शनिवार सकाळच्या चहाबरोबर चालेल, पण पोहे आधी संपवा. :)

विषय आहे शी. मराठीत या गोष्टीला शब्दांची टंचाई अजिबात नाही. पोरांची 'शी', आजोबांचं 'परसाकडे', वैद्यांचा 'मळ', दवाखान्यात हळू आवाजात म्हटलेलं 'मोशन' आणि चूर्णाच्या जाहिरातीतलं 'पोट साफ'. शब्द एवढे, पण त्यातला एकही शब्द नक्की काय घडलं ते सांगत नाही. "पोट बिघडलंय" म्हणजे काय? एकदाच पाण्यासारखी झाली? पाच वेळा जावं लागलं? की अर्धा तास कुंथून काहीच झालं नाही? ऑफिसला फोन करून "पोट बिघडलंय" म्हटलं की साहेब पुढे एक शब्द विचारत नाही, हा या मोघमपणाचा फायदा. पण डॉक्टरही पुढे विचारायला संकोचला तर मात्र पंचाईत आहे.

आमच्या धंद्यात रोज असले बग रिपोर्ट येतात. "सॉफ्टवेअर चालत नाहीये." अहो, म्हणजे उघडतच नाही, मध्येच बंद पडतं, की हळू चालतं? तीन वेगळे आजार, तीन वेगळे इलाज, आणि तिन्हींचं वर्णन एकच. असा रिपोर्ट लिहिणाऱ्यावर चिडून उपयोग नसतो. त्याच्या हातात नीट फॉर्म द्यावा लागतो, ज्यात त्याला निबंध लिहावा लागणार नाही, फक्त एका चौकोनात खूण करावी लागेल. वैद्यकशास्त्राने असा फॉर्म तयार केला, त्याला फार उशीर झाला, आणि तो तयार करणारी माणसं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली होती. त्याचीच ही गोष्ट.

आधी जरा मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच शहाण्या माणसांची पक्की समजूत होती, की मोठ्या आतड्यात मळ साचून राहिला की त्यातलं विष रक्तात भिनतं, आणि थकवा, डोकेदुखी, उदासी, अकाली म्हातारपण सगळं त्यातूनच येतं. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले सर विल्यम आर्बथनॉट लेन हे नामांकित सर्जन या मताचे कडवे पुरस्कर्ते. ते नुसतं मत मांडून थांबले नाहीत. बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडं कापून काढायच्या शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. १९१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठी चर्चासत्रं झाली. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांनी या विषाच्या सिद्धांतावर जोरदार टीका केली, आणि पुढे तो मागे पडला. पण लोकांच्या मनातून गेला नाही. 'डिटॉक्स'च्या नावाखाली आजही जे विकलं जातं त्यातलं बरंच लेनसाहेबांच्या काळातलंच आहे, बाटली फक्त नवी.

यात मला खटकते ती एकच गोष्ट. माणसांची आतडी कापली गेली, पण 'नॉर्मल' म्हणजे किती याचं कुणी धड मोजमापच केलेलं नव्हतं!

साधी मोजणी व्हायला १९६५ साल उजाडलं. कॉनेल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये कारखान्यातले कामगार आणि फॅमिली डॉक्टरांच्या यादीतले लोक मिळून सुमारे दीड हजार जणांना विचारलं, की तुम्ही किती वेळा जाता? उत्तर आलं, जवळजवळ सगळेच 'दिवसातून तीनदा' ते 'आठवड्यातून तीनदा' या पट्ट्यात बसतात. रोज सकाळी एकदा झालीच पाहिजे, नाहीतर काहीतरी बिघडलंय, या घराघरातल्या नियमाला त्यामुळे पहिला धक्का बसला. डॉक्टरांच्या तोंडी आजही असणारा 'तीन ते तीन'चा नियम इथूनच आला.

पण किती वेळा गेलात हे मोजून आत काय चाललंय ते कळतं का? खरा प्रश्न असतो वेगाचा. खाल्लेलं अन्न बाहेर यायला किती वेळ लागला? हे मोजायची सोपी रीत १९६९ साली हिंटन, लेनर्ड-जोन्स आणि यंग यांनी मांडली. क्ष-किरणांत दिसतील असे प्लास्टिकचे बारीक तुकडे गिळायला द्यायचे, आणि नंतर मळाचे एक्स-रे काढून किती तुकडे कधी बाहेर पडले ते मोजायचं. आम्ही नेटवर्कमध्ये पॅकेट सोडून ते किती वेळात परत येतं ते बघतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे उत्तर मिलिसेकंदांत येत नाही, दिवसांत येतं.

हे तुकडे घेऊन डेनिस बर्किट यांनी कमाल केली. बर्किट हे युगांडात काम केलेले सर्जन. मुलांमधल्या एका कर्करोगाचं वर्णन त्यांनी १९५८ मध्ये केलं आणि तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी, वॉकर आणि पेंटर यांनी १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे आकडे छापले. ब्रिटिश नौदलातली माणसं आणि त्यांच्या बायका: सरासरी सुमारे ८३ तास आणि दिवसाला १०४ ग्रॅम मळ. युगांडातले खेडूत: सुमारे ३६ तास आणि ४७० ग्रॅम. एकाच जातीचे प्राणी, तीच आतडी, आणि फरक चौपटीहून जास्त! बर्किट यांचं म्हणणं असं, की फरक जेवणातल्या चोथ्याचा आहे. आज डब्यावर 'फायबर' किती ते छापलेलं असतं आणि आपण ते वाचतो, त्यामागे बर्किट आणि त्यांच्या साथीदारांचा मोठा हात आहे.

आता ब्रिस्टल. तिथल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत केन हीटन नावाचे पोटविकारतज्ज्ञ होते. त्यांनाही चोथ्यात रस. १९७७ साली त्यांच्या गटाने एक झकास प्रयोग केला: दहा जणांना अख्खी सफरचंदं, त्यांचा लगदा आणि त्यांचा रस दिला. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला, आणि तरी पोट भरल्याची भावना सगळ्यात कमी त्यातच होती. (ज्यूस पिऊन डाएट करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) माणूस बहुश्रुत होता. २००६ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये शेक्सपिअरची पात्रं भावनेच्या भरात कशी मूर्च्छित पडतात आणि मरतात यावर लेख लिहिला होता.

पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हीटन यांचा १९७६ सालचा एक छोटा निबंध, मॅनिंग आणि वायमन यांच्याबरोबरचा. प्रश्न असा: लोक आपल्या शौचाबद्दल डॉक्टरला जे सांगतात त्यावर कितपत विश्वास ठेवायचा? त्यांनी लोकांना आधी आठवणीतून विचारलं आणि मग रोजची नोंद ठेवायला सांगितली. दोन्हींचा मेळ नीट बसेना. लोक मुद्दाम खोटं बोलत नव्हते, पण रोजची आणि लाजेची गोष्ट कोण लक्षात ठेवतो? ज्याने कधी प्रॉडक्शनमधला घोळ सोडवलाय त्याला हे पटकन पटेल. युजरची आठवण ऐकून घ्यायची, पण निर्णय लॉग बघून घ्यायचा.

मग लॉगमध्ये लिहायचं काय? वजन करायला लावलं तर कोणी करणार नाही. एक्स-रे रोज काढता येत नाहीत. वेळा मोजल्या तर त्या फसवतात. आणि इथे हीटन यांनी साधीच गोष्ट पकडली: आकार बघा.

यामागचं शास्त्र सोपं आहे. लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण दीड लिटर पातळ द्रव येतो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक पाणी शोषून घेतं. शेवटी शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर पडतं. म्हणजे मळ आत जितका जास्त वेळ रेंगाळेल तितका कोरडा होत जाणार, आणि घाईत सुटला तर ओला राहणार. बाहेर पडलेल्या वस्तूवर तिच्या प्रवासाची वेळ जणू छापूनच आलेली असते. आपण फक्त ती वाचत नव्हतो.

ही आकाराची मोजपट्टी वैद्यकीय वाङ्मयात आली १९९० साली, ओ'डॉनेल, विर्जी आणि हीटन यांच्या निबंधातून. आज ती ज्या रूपात ओळखली जाते ते सात प्रकार असे:

१. सुट्या सुट्या कडक लेंड्या.
२. लांबट, पण गाठीगाठींचा.
३. लांबट, वरून भेगा पडलेला.
४. लांबट, गुळगुळीत, मऊ.
५. मऊ गोळे, कडा स्पष्ट.
६. भुसभुशीत तुकडे, कडा फाटलेल्या, लगदा.
७. निव्वळ पाणी, घन काही नाही.

मूळ इंग्रजीत पहिल्या प्रकाराला कवचाच्या फळांची उपमा आहे, आणि मधल्या तिघांना सॉसेजची. आपल्याला सॉसेजचं काही सोयरसुतक नाही, पण 'लेंड्या' या शब्दापुढे मूळ उपमा फिकी पडते हे कबूल करायला हरकत नाही. :)

या यादीची रचना मला फार आवडते. कुठेही 'चांगली', 'वाईट', 'नेहमीसारखी' असले शब्द नाहीत, कारण ते प्रत्येकाचे वेगळे असतात. फक्त डोळ्यांना दिसतं तेच लिहिलंय. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र दाखवून विचारता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडाने काही बोलावं लागत नाही. "सहा" म्हटलं की झालं. आकड्याला लाज नसते.

आता त्या १९९० च्या निबंधाचा विषय बघा: खोटे जुलाब. काही रुग्ण सांगतात की डॉक्टर, मला सारखे जुलाब होतात, दिवसातून सहा-सहा वेळा जावं लागतं. पण विचारलं तर बाहेर पडतात त्या लेंड्या! सारखी भावना होते, धावावं लागतं, पण आतडं प्रत्यक्षात सुस्त आहे. इरिटेबल बॉवेलच्या रुग्णांत हे दिसतं. नुसता आकडा ऐकून अशा माणसाला जुलाब थांबवायची गोळी दिली तर काय होईल? आधीच हळू चालणाऱ्या गाडीला आणखी ब्रेक. वेळा मोजणं आणि आकार बघणं यात उलट्या दिशेची दोन औषधं निघू शकतात, एवढा हा फरक आहे.

१९९२ साली हीटन यांच्या गटाने ही पट्टी घेऊन पूर्व ब्रिस्टलमध्ये मोठी पाहणी केली. ८३८ पुरुष आणि १,०५९ बायका. प्रत्येकाने लागोपाठ तीन वेळांची नोंद करायची: कधी आणि कोणता आकार. निष्कर्ष वाचून मी चाटच पडलो. चोवीस तासांनी एकदा, असा ठरलेला क्रम फक्त ४० टक्के पुरुषांचा आणि ३३ टक्के बायकांचा. एक तृतीयांश बायका रोज जातच नव्हत्या. ज्याला आपण सर्रास 'नॉर्मल' म्हणतो ते निम्म्या लोकांच्याही वाट्याला येत नाही! कडक टोकाकडचे प्रकार बायकांत जास्त, आणि त्यातही मूल होण्याच्या वयातल्या तरुण बायकांत मोठ्या वयाच्या बायकांपेक्षा जास्त. आतडी अत्यंत मंद असलेल्या तीन तरुण बायकाही या पाहणीत सापडल्या. लेखकांनी शेवटी स्पष्टच म्हटलं, की शरीराच्या या कामात तरुण बायकांच्या वाट्याला विशेष गैरसोय आली आहे.

हे वाचून मी थांबलो. म्हणजे ही तक्रार ज्यांना सगळ्यात जास्त होती, त्यांनाच ती बोलून दाखवायची सोय सगळ्यात कमी होती. कुणी वेळा आणि आकार विचारले नसते तर ते आकड्यांत कधी आलंच नसतं.

पण पट्टी खरी कशावरून? याची चांगली तपासणी १९९७ साली लुईस आणि हीटन यांनी केली. ६६ स्वयंसेवक घेतले. तुकडे गिळायला देऊन प्रवासाची वेळ मोजली, मळाचं वजन केलं, आणि त्यांना आकाराची डायरी ठेवायला लावली. मग सोनामुखी देऊन आतडी पळवली आणि लोपेरामाइड देऊन हळू केली, आणि पुन्हा सगळं मोजलं. प्रवासाच्या वेळेशी सगळ्यात चांगलं कोण जुळतं? अधिक-उण्याचं चिन्ह सोडून देऊ: किती वेळा गेले, ०.३५, वजन, ०.४१, आकार, ०.५४. औषधाने झालेल्या बदलाचा विचार केला तर आकाराचा सहसंबंध ०.६५. काटा, वजन, हिशेब सगळं बाजूला राहिलं आणि कमोडमध्ये डोकावलेली एक नजर जिंकली.

अर्थात, आपण इंजिनिअर लोक. आकडा दिसला की त्याचा वर्ग करणार. ०.५४ चा वर्ग साधारण ०.२९. म्हणजे आकारावरून प्रवासाच्या वेळेतला जेमतेम तीन दशांश फरक उलगडतो. एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या आकड्यावरून फार मोठं अनुमान काढू नये. शिवाय दोन की तीन, पाच की सहा, या सीमेवर लोकांचा गोंधळ होतो हेही पुढच्या तपासण्यांत दिसलंय. ही पट्टी अचूक नाही. ती 'काहीच माहीत नसण्या'पेक्षा पुष्कळ बरी आहे, आणि फुकट आहे. आमच्या धंद्यातले चांगले मॉनिटरसुद्धा बहुतेक असेच असतात.

इथे कुणीतरी विचारणारच, की आपल्या आयुर्वेदात हे नव्हतं का? होतं ना. मृदू, मध्य आणि क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार आहेत. 'माझा कोठा जड आहे' हे वाक्य त्याच घराण्यातलं. मळ पाण्यात टाकून बघायची परीक्षाही चरकसंहितेत आहे: बुडला तर आम, तरंगला तर पक्व. निरीक्षण करायची इच्छा इथे जुनी आहे यात शंका नाही. मात्र १९७२ मध्ये अमेरिकेत लेव्हिट आणि ड्युएन यांनी तपासलं तेव्हा मळ तरंगतो तो मुख्यतः आतल्या वायूमुळे असं दिसलं. दाब देऊन वायू दाबला की तरंगणारा मळही बुडाला. निरीक्षण जुनं असो की नवं, ते कशाशी जुळतं हे मोजून बघावंच लागतं. ब्रिस्टलवाल्यांनी नेमकं ते केलं.

नंतर पट्टी जगभर गेली. २००६ च्या 'रोम-३' निकषांत इरिटेबल बॉवेलचे उपप्रकार याच आकड्यांवर पाडले गेले: १-२ जास्त तर बद्धकोष्ठाचा, ६-७ जास्त तर जुलाबाचा, दोन्ही असतील तर मिश्र. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत, जुलाबाच्या प्रकारावरचं नवं औषध लागू पडलं की नाही हे ठरवायला ६ आणि ७ चे दिवस किती कमी झाले ते मोजायला सांगितलं. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली, की आपल्याकडे तिसरा प्रकारही कडक बाजूलाच धरावा. आपल्याकडे बहुतेक लोक दिवसातून निदान एकदा जातातच, त्यामुळे पाश्चात्त्य काटा जसाच्या तसा लावला तर कुंथणारा माणूस कागदावर ठणठणीत ठरतो. आणि २०१६ साली बेल्जियममधल्या हजारावर लोकांच्या आतड्यातल्या जंतूंचा अभ्यास झाला तेव्हा औषधं, वय, आहार अशा अनेक गोष्टींत जंतूंच्या फरकाशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो ब्रिस्टलच्या आकड्याचा. लाखो रुपयांचं जनुकवाचन एकीकडे, आणि सात ओळींची यादी दुसरीकडे!

हीटन २०१३ साली वारले.

आता शेवटी थोडं कामाचं. घरात म्हातारी माणसं असतील तर हे लक्षात ठेवा. कधी कधी कडक मळाचा बोळा आत अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपत राहतं. बाहेरून दिसतो तो सातवा प्रकार, आत असतो पहिला. घरचे घाबरून जुलाब बंद करायची गोळी देतात आणि अडथळा आणखी घट्ट होतो. आधीचे आठ-दहा दिवस काय होत होतं, हे कुणी लिहून ठेवलं असेल तर डॉक्टरला ते चटकन कळतं. नाहीतर त्या माणसाला विचारा, ते म्हणणार, "काही नाही रे, पोट जरा बिघडलंय." पुण्यात किंवा बंगळूरला बसून गावी फोन करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तेवढंच ऐकू येतं.

पट्टीत रंग नाही आणि रक्तही नाही, हेही ध्यानात असू द्या. रक्त दिसलं, डांबरासारखा काळा मळ झाला, विनाकारण वजन उतरलं, किंवा वर्षानुवर्षांची सवय पन्नाशीच्या आसपास अचानक बदलली, तर आकडे मोजत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा. बाकी तीन-चारच्या आसपास असाल तर रोज गेलात की नाही याची चिंता सोडा, आणि चूर्णाचा डबा पण.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरने विचारलं, "मोशन कशी होते?", तर खाली बघून "ठीक" म्हणू नका. आकडा सांगा.